कागद क्रमांक सतरा

कार्डिफच्या खाडीवर वारा असा, की
आत येणारा प्रत्येक जण आधी केस सावरतो,
मग नाव सांगतो.
मी यादीत नाव शोधते, निळ्या फितीचा पास देते.
संसदेच्या पत्रकार कक्षात हेच माझं काम :
कोण कुठे बसेल, कॅमेरा कुठवर जाईल,
समितीचं दार कधी बंद होईल
आणि, मुख्य म्हणजे, पुन्हा कधी उघडेल.

पाहुणे म्हणतात, सगळी इमारत काचेची! किती पारदर्शक!
दुपारी बाहेरून बघा म्हणावं.
ढग दिसतात, समुद्रपक्षी दिसतात,
अगदी जवळ गेलं तर स्वतःचं नाक.

आई कळवणजवळ ग्रामपंचायतीत कारकून होती.
जमाखर्च फळ्यावर लावायचा दिवस आला
की घरी मैद्याची खळ शिजायची.
सरपंच म्हणायचे, बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची.
आई म्हणायची, मूठ तुमची, लाख गावाचे.
आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवायची.

काल एमरिस प्रॉसर आला.
चाळीस वर्षं खोऱ्यातल्या एका साप्ताहिकात.
मार्चमध्ये साप्ताहिक बंद पडलं,
नियमाप्रमाणे त्याचा पासही.
वही चालू होती. कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं.
म्हणाला, आमच्या गावावर कोळशाचा जुना ढिगारा आहे,
त्याच्या खालून नाला जातो,
त्याबद्दल समितीसमोर कुणीतरी कागद ठेवलाय.
अध्यक्षबाई म्हणाल्या, 'नोंद घेतली.'
घेतली, म्हणजे ठेवली कुठे?

लाउरी, माझी वरिष्ठ, खुर्चीतूनच म्हणाली,
पास नाही देता येणार. कागद द्यावाच लागेल.
तो मागायला पत्रकार असावं लागत नाही.

सापडला. क्रमांक सतरा.
एका निवृत्त मुकादमाचं पत्र, जसं आलं तसं, वेल्शमध्ये.
भाषांतर शुक्रवारी.
एमरिसनं चष्मा वर केला, खाली केला.
'ही आईची भाषा,' म्हणाला,
'शाळेत बोलायला लाजलो, मग राहूनच गेली.'

मंगळवारच्या वर्गात तीन वर्षं मी ती शिकतेय.
दोन ल शेजारी आले की जीभ टाळ्याला लावून
बाजूनं फुंकर सोडायची असते,
माझी अजून चहावर घातल्यासारखी होते.
तरी वाचलं.
त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला उभी राहून, मोठ्यानं,
तलाठी चावडीवर वाचतो तसं,
एक ओळ वेल्श, तीच पुन्हा इंग्रजीत :

नाल्याचं तोंड शेवटचं साफ केलं तेव्हा मी कामावर होतो.
मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.
तिथे आता झाडं आलीत. चांगली उंच आहेत.

टीव्हीवाल्या दोन मुली बॅटऱ्या मागायला आल्या होत्या,
दारातच थांबल्या.
एकीनं पेन काढलं.

'अकरा? नक्की?'
मी शब्दावर बोट ठेवलं.
त्यांच्यात अकराला 'दहावर एक' म्हणतात.
तो ते दोनदा पुटपुटला, दुसऱ्यांदा बरोबर,
आणि बराच वेळ मान वर केली नाही.

छापणार कुठे, मी विचारलं.
म्हणाला, 'तळलेल्या मासळीच्या दुकानाला मोठी काच आहे.
शुक्रवारी सगळं गाव तिथेच रांगेत असतं.'
मग खिसे चाचपत,
'चिकटपट्टी आहे का गं?'

ड्रॉवरमधून अख्खं रीळ दिलं, सरकारी.
या इमारतीत पेन्सिलीच्या तुकड्याचीसुद्धा
नोंद होते.
ती मी केली नाही.