लिलाव

तुर्भ्याच्या गोदामात पोती उतरत होती,
तागाची, ऐंशी किलोचं एकेक,
अंगावर परक्या बंदराचा निळा शिक्का.
माल बघायला किंतीनू म्बाली आला होता,
गिनी-बिसाऊचा,
एका मुठीत पपनस मावावं असे हात.
तो बिया कापून बघायचा, मी वहीत मांडायचो.
मापाडी मी. त्याची हिंदी मोडकी,
माझी कोरेगावची.

पहिल्या दिवशी त्यानं बी उचलून म्हटलं, काजू.
मी म्हटलं, काजूच.
मग टेम्पोवाल्याच्या जुडग्याकडे बोट करून: चावी.
हात धुताना: साबण.
कुठल्या जुन्या गलबतानं कुठल्या किनाऱ्यावर
काय काय टाकलं होतं देव जाणे,
आम्ही दोघं वेचत बसलो, चहा गार झाला.
पगार म्हणाला,
तेव्हा मात्र हसला नाही.

पगारावरून संघ निघाला.
त्याच्या गावात काजूची गिरणी, गिरणीचा फुटबॉल संघ,
नाव काजुएरू, म्हणजे काजूचं झाड.
सात सोलणारे, दोन भट्टीवाले, एक फोरमन
आणि गोलात हा.
टरफलाच्या तेलानं बोटं जळायची, काळी पडायची,
मध्यंतरापर्यंत पांढरा चेंडू तपकिरी.
पाहुणे म्हणायचे, तुमचा चेंडूसुद्धा भाजलेला!
बारा वर्षांत करंडक एकच.
तोही समोरच्यांचा ट्रक नदीपलीकडे फसला म्हणून.
तरी गाव रात्रभर नाचलं,
फोरमननं करंडकातून ताडी पाजली,
करंडक गळका होता.

मग गिरणीत बी थांबेना.
न सोलताच पोत्यात, पोत्यातून जहाजात.
कुठं जायची? मी विचारलं.
त्यानं शेजारच्या पोत्यावर थाप मारली.
धूळ उडाली ती माझ्या वहीवर बसली,
मी ती फुंकली नाही.

आधी पगार थांबला.
मग चावी दुसऱ्या कुणाकडे गेली.
मग एका मंगळवारी… तो शब्द शोधू लागला,
हिंदीत सापडेना, हातानं हातोडा मारून दाखवला,
शेवटी आपल्याच बोलीत म्हणाला,
लैलांव.

मी काटा थांबवला.
लिलाव?
लिलाव, तो म्हणाला, अगदी आमच्यासारखा.

भट्ट्या गेल्या, तराजू गेले,
गोलाचे खांबही उपटले, लोखंडी पाइप म्हणून, किलोच्या भावानं.
किती भरले?
तोंडातून निघून गेलं माझ्या. जन्माची खोड.
पण त्याला ठाऊक होतं.
आडव्या पाइपासकट बेचाळीस.
तोलत होते तेव्हा तो तिथंच उभा होता,
दोन खड्ड्यांच्या मधोमध,
सवयीनं.

आतून शेठची हाक आली.
किंतीनूनं पुढची बी कापली,
उजेडाकडे धरली.
काळी.
मी लिहिलं: एक वजा.