घर पाहावं ओढून

मला पाठवलं होतं मोजणीला.
चिलोए बेट, पूर्वेचा किनारा.
जमीन कुठे संपते
तेवढी रेघ ठरवून ये, म्हणाले.

रेघ!
इथे पाणी दिवसातून दोनदा
तीन पुरुष चढतं, तीन पुरुष उतरतं.
सकाळी ज्या खांबावर खूण केली
तो दुपारी होडीच्या पोटाखाली.
बेतो चिगुआय हसला.
"साहेब, समुद्राची सही घेताय होय?"

बेतो शिंपले उकरतो, बटाटेही उकरतो,
दोन्हींना कुदळ एकच.
बटाटे जांभळे, बोटांसारखे वाकडे,
आणि सोलणारीचा अंत पाहणारे.

पश्चिमेला कुकाओच्या वाळूवर महासागर
रात्रभर दारं आपटत असतो.
इकडे खाड्या, आवाज न करणाऱ्या.
त्यांच्यापलीकडे, आभाळाने मनावर घेतलं तर,
ज्वालामुखी दिसतात, पांढरी टोपरी घातलेले.
मला सव्वा महिन्यात दोनदा दिसले.
आचाओचं चर्च मात्र रोज तिथेच.
लाकडाचं, लाकडी मेखांनी जोडलेलं,
आत गेलं की जुन्या पेटीसारखा वास.

घर क्रमांक दोनशे बारा:
पिवळं, पत्र्याचं छप्पर, खाडीच्या दक्षिण काठाला.
मालकीण एदेल्मिरा बारिया.
वहीत लिहिलं, शाई वाळली,
आणि गुरुवारी ते घर निघालं.

कारण विचारलं, तर
थोरल्या जावेशी पटत नाही. एवढंच.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
इथे घर पाहावं ओढून.
बैलांच्या आठ जोड्या, खाली ओंडके,
पुढे त्रान्सितो, हातात लांब काठी,
बैलांना शिव्याही अशा प्रेमाने देणारा
की बायका हसून कामं थांबवायच्या.
मजुरी कुणालाच नाही. इर्जिकच ती,
मिंगा म्हणतात तिला.
मटण, बटाटे, सफरचंदाची दारू,
आणि रांधायला सगळ्यांत पुढे
थोरली जाऊच.

ओहोटीला घर वाळूवर बसवलं,
कडेने रिकामी पिंपं बांधली,
मग सगळे नुसते बसून राहिले.
पाणी आलं. उंबऱ्याला लागलं.
घराने एकदा कण्हल्यासारखं केलं
आणि तरंगलं.
दोन लाँचनी दोर घेतले.
खिडकीतला पडदा काढायचा राहिला होता,
तो खाडीभर हलत गेला.
दारात कुत्रं, उतरायला तयार नाही,
माशांवर भुंकत.

जागेवर उरलं काय?
चार दगड, पुदिन्याचं एक रोप,
फिकट गवताचा चौकोन.
अंधारून आलं तशा कोंबड्या परतल्या
आणि त्या चौकोनात उभ्या राहिल्या,
घराच्या खाली झोपायची सवय.
जाऊ आली. काही बोलली नाही.
एकेक काखेत मारून
आपल्या खुराड्यात नेली.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र लावत होतो,
तिपाई वाळूत खचत होती,
तर ती शेजारी येऊन उभी.
हात पदराला पुसत म्हणाली,
"तुमच्या त्या नळीतून बघा की जरा,
त्यांच्या धुराड्यातून धूर येतोय का?"

आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं.
पाणी वर, पिवळं घर त्याला लटकलेलं,
आणि धुराची बारीक दोरी
खाली खाली सुटत जाणारी.

येतोय, म्हटलं.

"ओली लाकडं घातली असणार,"
ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.