अकरावं चित्र

शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता.
मी लिहिलं : दोर टाकणे.
कारकुनाने ते खोडून 'खलाशी, फेरीबोट' केलं
आणि आपलं पेन परत मागितलं.

ताळगावच्या पठारावर आमची लॅब.
एसी आहे, तो यंत्रांसाठी;
आम्ही त्यात स्वेटर घालून बसतो, भर मेमध्ये,
गोव्यात.
पलीकडच्या खोलीत टेलिव्हिजनवाले
खोट्या टेबलामागे खऱ्या बातम्या वाचतात,
वर कोट, खाली बर्म्युडा.

गृहपाठ होता : रोजची एक हालचाल,
चोवीस चित्रं, एक सेकंद.
ज्योकिमने मांजराची जांभई घेतली,
तन्वेशने स्वतःची सही.
मी बाबांचा दोर घेतला.
पहिलं चित्र सोपं, दोर हातात.
चोविसावंही सोपं, दोर खुंटाला.
मधल्या बावीस चित्रांत तो कुठे असतो
ते मला ठाऊक नव्हतं,
बालवाडीपासून त्याच फेरीतून जाऊन येऊन.

सकाळी सव्वासातची, चोडण ते रायबंदर.
मोबाइल कठड्याला टेकवून धरला,
घरी संथ करून पाहिलं.
बाबा खुंटाकडे बघतच नाहीत.
बघतात पाण्याकडे,
फेरी आणि धक्का यांच्यामधल्या,
हाताहाताने कमी होत जाणाऱ्या पाण्याकडे.
आणि अकराव्या चित्रात
दोर हातातही नाही, खुंटावरही नाही;
हवेत एक वेडंवाकडं शून्य,
आतून दिसणारी पलीकडची खारफुटी.

मी ते काढलं. छान काढलं, असं मला वाटलं.

आल्मेदा सरांनी तीनदा चालवून पाहिलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"रेषा सुंदर. वजन नाही.
ही रिबीन आहे, मुली."

घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीला
त्यांनी दोर माझ्या हातात दिला.
नायलॉनचाच, पण भिजल्यावर
ओढून नेणाऱ्या जनावरासारखा,
तळहाताला मिठाची खरखर, डिझेलचा वास.
टाकला.
खुंटाच्या बराच अलीकडे पाण्यात पडला
आणि मी त्याच्यामागून जाता जाता राहिले.
स्कूटरवाल्यांनी हॉर्न वाजवले.
रिकामी टोपली घेऊन परतणारी एस्पेरांसा म्हणाली,
"ही विद्यापीठांत शिकता न्हय?"

खांदा चार दिवस दुखला.
त्या चार दिवसांत बावीसच्या बावीस पुन्हा काढली.
आता आधी खांदा खाली जातो,
मग कंबर, मग टाच उचलते;
हाताला तर हे सगळ्यात शेवटी कळतं.
रात्री त्रेसष्ट टक्के रेंडर झालं आणि वीज गेली.
पुन्हा लावलं.

आज सकाळी, नदीच्या मध्यावर, बाबांना दाखवलं.
ऊन पडत होतं, त्यांनी टोपीने आडोसा केला.
एका सेकंदाचा माणूस
दोर टाकतो, टाकतो, टाकतो,
ना पगार ना रजा.
अकराव्या चित्रातलं शून्य तसंच आहे,
फक्त आता ते खाली ओढलं जातंय.
बाबा बराच वेळ बघत होते.
माझी बोटं गार पडली,
एसीतही पडत नाहीत एवढी.
मग म्हणाले,
"सगळें सारकें. पूण हो उबो खंय रावला?"

मी बघितलं.
हात होता, दोर होता, खुंट होता.
टाचेखाली नुसतं पांढरं.
फेरी काढायचीच राहिली होती.

जमा करायची वेळ अकराची.
रायबंदरचा धक्का मोठा मोठा होत आला,
बाबांनी मोबाइल परत दिला,
टोपी डोक्यावर ठेवली, दोर उचलायला वळले.
मी या वेळी
त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.