रिटर्न

स्लॅबवर सहा प्लेटा बसल्या, दक्षिणेकडे तोंड करून.
वेर्ण्याच्या फॅक्टरीतून पोरानं पैसे धाडले, म्हणाला,
"बाबा, आता बिल विसरा."

बत्तीस वर्षं मी हेस्कॉमचा लाइनमन.
जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत कुठल्या वळणावर कुठला खांब कलतो
हे मला पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्कं.
वीज म्हणजे लांबून यायची गोष्ट,
घाट चढून, फांद्या चुकवत.
आता ती शेवंताच्या वाळवणाच्या जागेवर पिकते.

मिरच्या कुठं घालू, म्हणून ती आठ दिवस बोलली नाही.
मग एप्रिलचं बिल आलं, कानडीत.
इरव्वाच्या पोरीनं वाचलं: मीटरभाडं तेवढं.
"नीट बघ की गं."
पोरीनं पालथं करून बघितलं. मागं काहीच नव्हतं.
त्या संध्याकाळी शेवंता जुनं लुगडं घेऊन वर गेली
आणि पाटा पुसावा तशा प्लेटा पुसून आली.

जुलैत इकडं ढग छपरावर मुक्कामाला येतात.
यंत्रावरचा आकडा चाळीस. कधी बारा.
बारा वॅट, झिरोच्या बल्बालाही पुरते न पुरते.
फणसावरून माकडं उतरतात, काचेत स्वतःला बघतात, चिडतात.
तीन वाजता त्याच फणसाची सावली दोन प्लेटांवर चढते.
कंपनीचा पोरगा म्हणाला, तोडा.
कुणी लावलेला नाही तो, आपोआप आलेला.
तरी हात होत नाही.

शेवंता खरी भडकली ती ऑक्टोबरात.
दुपारचे बारा. कोंबड्या पाय उचलून चालत होत्या.
पंखा थांबला.
"गावची लाईन गेली," मी म्हणालो, "म्हणून आपलीही."
"म्हणजे? वर सूर्य आहे, खाली दीड लाख आहेत,
आणि मी पदरानं वारा घेऊ?"
"बॅटरी घेतली नाही. तिला आणखी लाखभर."
"आपलं ऊन आपल्या पंख्यात घालायला बॅटरी कशाला लागतीय?"

ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

दुंडाप्पा चिकोडीकडचा. त्याची मराठी शिव्यांपुरती,
माझी कानडी खांबापुरती.
तो वर, मी खाली स्विचपाशी.
"बंद आतेनु?"
"आतु."
एवढ्या एका शब्दावर माणूस अकरा हजारांच्या तारेला हात घालायचा.

त्या दिवशीही मी आतु म्हणालो.
आणि बंदच होतं. स्विच उघडा होता, मी दोनदा बघितला.
पण खालच्या वाडीत लग्न होतं.
कुणीतरी मेन न काढताच जनरेटर ओढला
आणि वीज उलटी निघाली,
घरातून तारेत, तारेतून वर, त्याच्या बोटांपर्यंत.
आम्ही तिला रिटर्न म्हणतो.
मंडपात क्षणभर बल्ब लागले असतील.
कुणी टाळ्याही वाजवल्या असतील.

उजवा हात मनगटापासून गेला.
खानापूरच्या ऑफिसात त्याला टेबल मिळालं.
माझ्या नेट मीटरच्या अर्जावर सही त्याचीच,
डाव्या हाताची, वाट चुकलेल्या मुंग्यांसारखी.
शिक्का मारला, कागद माझ्याकडं सरकवला.
"आतु," म्हणाला.
हसला का, ते मला कळलं नाही.

"भिंतीवरचं ते यंत्र," मी शेवंताला म्हणालो,
"सारखं तारेला विचारत असतंय, आहेस का, आहेस का.
उत्तर आलं नाही की गप बसतंय.
आपल्या घरातून कुणाच्या हातात काही जाऊ नये म्हणून."

ती काही बोलली नाही. ताकाचा तांब्या पुढं ठेवला.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"आत्ता कोण असंल खांबावर?"
"नवा पोरगा आलाय. बागलकोटचा."

पुढं ती पदरानंच वारा घेत राहिली,
थोडा माझ्याकडंही.

दोन वीसला पंखा फिरला.
"उतरला वाटतं," ती म्हणाली.