दिव्याचा अर्ज

वडाळ्याची कचेरी, खिडकी नंबर नऊ.
माझ्या टेबलाच्या काचेखाली रंगांचा तक्ता आहे:
अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस — लाल, निळा, पांढरा.
रस्ता खोदणाऱ्यांना, क्रेनवाल्यांना — पिवळा.
बाकी कुणाला काही नाही.
साहेबलोकांचे लाल दिवे उतरले त्या उन्हाळ्यात
नोंदी मीच केल्या होत्या.
एका गाडीच्या टपावर दिव्याचं भोक तसंच होतं,
बुजवलं नाही का, विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला,
'पुन्हा लागला तर?'

आज हरेश्वर तांडेल आला.
अंगाला धुपाचा वास, हातात तीन घड्यांचा कागद:
'शववाहिनीस कोणत्याही रंगाचा दिवा मिळणेबाबत.'

मी म्हटलं, तांडेल, दिवा घाईसाठी असतो.
तुमच्या पॅसेंजरला कसली घाई?
बोललो आणि जीभ चावली.
त्याला राग नाही आला. शंभरदा ऐकलेलं असणार.
'त्याला नाय, साहेब.
काल लालबागच्या पुलाखाली पन्नास मिनिटं उभा होतो.
मागं बाई बसलेली,
बर्फाचं पाणी पदरानं टिपत होती.
चंदनवाडीची चारची वेळ गेली.
तिचा पोरगा मस्कतहून येऊन तिथं थांबलेला,
रात्रीचं परतीचं विमान.
बाजूनं ॲम्ब्युलन्स आली, रिकामी होती, मी बघितली ना,
तिला सगळ्यांनी वाट दिली.
मी पण दिली.'

तक्ता मी पुन्हा वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही.
हिरवा कुणालाच नव्हता.
जांभळा तर कुणी मागितलाच नसेल आजवर.
पेन हातात धरून बराच वेळ बसलो
आणि शेवटी लिहिलं तेच, जे सवयीनं येतं:
'तरतूद नाही.'
शिक्का वाकडा बसला.
त्यानं कागद जुन्याच घड्यांवर दुमडला,
कूलरचं पाणी प्यायला, ग्लास विसळून ठेवला, गेला.

साडेपाचला सुटलो.
गेटबाहेर त्याची गाडी, ऊन असून हेडलाइट लावलेले.
बॉनेटवर कुणाचा तरी राहून गेलेला झेंडूचा हार,
पिवळा.
फिरत नव्हता, लुकलुकत नव्हता,
त्याला दंड लावायचं कलम मला तरी ठाऊक नाही.

मी रस्त्यात उतरून टॅक्सीला हात केला.
ती थांबली नाही,
शिवी देण्यापुरती हळू झाली.
तेवढ्यात तांडेल निघाला.