टेलाकडची खुर्ची

खैरनारांनी पेटी आणून दिली
तेव्हा फेव्हिकॉलचा वास अजून ओला होता.
सातपूरला खोकी छापायच्या कारखान्यात
रात्रपाळीनंतर उरलेल्या पुठ्ठ्यावर
त्यांनी एक कालवा काढलाय.
धरण, चार गावं, आठ चाऱ्या,
पाणी म्हणून निळे मणी.
खेळाचं नाव: आवर्तन.
'वाटेल ते लिहा,' म्हणाले,
आणि जाताना दाराशी ठेवून गेले
किलोभर द्राक्षं.

म्हणजे पहिला प्रश्न खेळाचा नव्हेच.
परत करावीत तर माणूस दुखावतो,
खावीत तर वाक्य गोड होतं.
आम्ही खाल्ली.
म्हणून परीक्षणाची पहिली ओळ अशी:
पेटी फुकट मिळाली, द्राक्षंही. द्राक्षं उत्तम होती.
इथून पुढे त्यांच्याबद्दल काही नाही.

पहिला डाव रविवारी, इंदिरानगरात,
आमच्या जेवणाच्या टेबलावर.
मी टेलाला बसलो.
वरची तिन्ही गावं भिजत राहिली,
माझ्यापर्यंत सहा फेऱ्यांत पोचले दोन मणी.
रात्री वहीत लिहिलं: एकतर्फी. कंटाळवाणा. निव्वळ नशीब.
पेन इतकं दाबलं गेलं
की पुढच्या तीन पानांवर वण उठले.
हरलेल्या हाताचं अक्षर मी ओळखतो.
पान फाडलं नाही,
दुमडलं.

दुसऱ्या डावात धरणाशेजारी बसलो, जिंकलो,
आणि खेळ एकदम खोल वाटू लागला.
काय बांधणी! काय तोल!
तेच फासे, तोच पुठ्ठा.
हेही पान दुमडलं.

मग गांगुर्डे आले, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त,
नातवाला घेऊन.
आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेला माणूस
आधी कागद चिमटीत धरून उजेडात बघतो.
त्यांनीच नियमांचं तिसरं पान वर उचललं
आणि स्टेपलच्या पिनेखाली दबलेली ओळ मोठ्यानं वाचली:
'कोरड्या गावाला पुढच्या फेरीत आधी पाणी.'

म्हणजे दोन डाव आम्ही जो खेळलो
तो खैरनारांचा खेळच नव्हता.
आमचा होता, आणि वाईट होता.
अर्धा दोष माझ्या घाईचा,
अर्धा त्या पिनेचा.
दोन्ही लिहायचं,
पिनेचं थोडं हळू आवाजात.

वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाईंना असले खेळ मुळात आवडत नाहीत.
त्यांचं मत मी विचारलं नाही.
फक्त त्या घड्याळाकडे कधी बघतात ते टिपलं:
तीनदा,
तिन्ही वेळा पाऊस मोजायच्या फेरीत.
ती फेरी खरंच लांबते.

चौथ्या डावात पुन्हा टेल, मुद्दाम.
माझ्या वरच्या गावात अद्वय, गांगुर्डेंचा नातू, वय दहा.
शेवटच्या फेरीत त्याच्या चारीत तीन मणी.
त्यानं एक बोटानं खाली ढकलला,
माझ्याकडे,
काही न बोलता.
'अरे, हरशील!' आजोबा ओरडले.
हरला.
मीही हरलोच, पण भिजून.

नियमांत असं करा असं कुठे नाही.
करू नका असंही नाही.
तो मणी खैरनारांच्या खात्यावर मांडायचा
की पोराच्या?
चांगली माणसं बसली
तर सापशिडीही चांगली होते,
आणि भांडण करून टेबलाशी आलेल्या घराला
कुठलाच पुठ्ठा पुरत नाही.
तरी एवढं खरं
की ढकलायला जागा कुणीतरी ठेवली होती.

उद्या मजकूर द्यायचाय.
गुणांच्या चौकटीत अजून काही नाही.
कुणासाठी, ते लिहून झालंय:
चौघांसाठी, तिघांत मजा नाही;
पाऊण तास लागतो, पेटीवर अर्धा लिहिलाय.

आज सकाळी झाडताना
टेबलाखाली एक निळा मणी सापडला.
पेटीवर छापलंय सत्तावन्न.
गांगुर्डेंनी दोनदा मोजून छप्पन्न सांगितले होते,
आणि मी शेवटच्या परिच्छेदात
ठसठशीत लिहूनही टाकलं होतं:
सामानात एक मणी कमी.