आठ पाऊण सहा

पंचनामा सुरू सकाळी साडेपाचला, संपला सहा वाजता.
प्रेत ओहोटीच्या चिखलात, पालथे, डोके पूर्वेस.
अंगावर जखमा नाहीत. संशय नाही.
अक्षर माझं आहे.
तो लांबलेल्या पायाचा स माझाच,
मुलगी चौथीत असताना हसायची त्याला,
म्हणायची, बाबा, हा पळून चाललाय.

मोरेश्वर नाखवा, वय चौतीस, राहणार चेंदणी कोळीवाडा.
त्याच्या मोबाइलात कळव्याच्या खाडीतले रेतीचे पंप होते,
एकवीस रात्रींचे, तारखेसकट,
आणि दोन रात्री आमची जीप, दिवे विझवून उभी.
मोबाइल मुद्देमालात जमा झाला.
मुद्देमालाच्या खोलीत उंदीर फार.
उंदरांनी खाल्ला, असा अहवाल आहे.
चार्जर शाबूत.

पंच क्रमांक एक, दगडू शेलार, धंदा चहा.
मी विचारलं, तू होतास तिथे?
त्याने गाळणी आपटली.
साहेब, त्याच सकाळी मी मुंब्र्यालाही होतो,
जुगाराच्या धाडीत. आणि वर्तकनगरला, गांजाच्या.
सह्या तेवढ्या फिरून येतात,
पाय इथेच असतात, या स्टोव्हपाशी.
आलं टाकू?

हिराबाई आल्या त्या सुकी वाकटी विकून,
टोपली पायरीवर ठेवून,
कारण मागच्या खेपेला ठाणे अंमलदार म्हणाला होता,
आत वास येतो.
बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.
मी पंचनामा वाचून दाखवला. कायद्याने दाखवावा लागतो.
चिखलाशी त्यांनी मला थांबवलं
आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवत नेला.

"त्या दिशी अष्टमी व्हती, सायबा.
तिथीची पाऊणकी करायची, का भरती गावते.
आठ पाऊण सा.
सा वाजता पानी भरलेला व्हता बंदरान.
तुमचा चिखल कुठशी आला?"

पाऊणकी मलाही येते.
शाळेत छडीखाली पाठ केली,
कुठे लागेल ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

साडेपाचला मी पोलीस लाइनीत होतो, गॅलरीत,
रात्रीची बाटली पायाशी, झोप तीन दिवस बेपत्ता.
सातला फोन आला. लिहून घे.
वेळ काय घालू, साहेब?
घाल साडेपाच.
पूर्व त्यांची. पालथा त्यांचा. संशय नाही, हेही त्यांचंच.
पण चिखल माझा.
चिखल कुणी सांगितला नव्हता.
चौदा वर्षं लिहून हाताला ओघ येतो,
खाडी म्हटली की चिखल आपोआप उतरतो.
सगळ्या खोट्यात तेवढी एकच ओळ मी मन लावून लिहिली
आणि नेमकी तीच बुडाली.

दर महिन्याच्या दहा तारखेला ड्रॉवरमध्ये पाकीट असायचं.
मी घेत नाही, असं घरी सांगायचो. घर होतं तेव्हा.
खरंच घेत नसे.
ड्रॉवरला कुलूपही लावत नसे.
सकाळपर्यंत ते ज्याचं त्याच्याकडे जायचं,
आणि बायको विचारायची,
मग रात्रभर जागता कशापायी?

मोठ्या साहेबांनी कालच खांद्यावर हात ठेवला.
कंट्रोल रूमला जा थोडे दिवस, म्हणाले,
प्रकृतीकडे बघ.
प्रेमळ माणूस. माझ्या मुलीच्या बारशाला आला होता,
चांदीचा वाळा घेऊन.
तो वाळा कुठल्या गुन्ह्यातला होता,
हे मी आज पहिल्यांदा विचारतोय.

आज नवमी. नऊ पाऊण पावणेसात.
चेंदणी बंदराच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिलो.
तिवरांची मुळं बोटांसारखी वर आलेली,
एकेक करून बुडाली.
पाणी बुटाला लागलं तेव्हा सहा सत्तेचाळीस.
दोन मिनिटं माझ्या घड्याळाची.

तिथेच मांडीवर फाइल घेऊन लिहिलं:
पुरवणी जबाब. साक्षीदार, मी स्वतः.
समक्ष विचारल्यावरून सांगतो की

विचारलं होतं हिराबाईंनी.

पुढची ओळ अजून कोरी आहे.
कागद डब्यात ठेवलाय, पोळीखाली,
उंदरांपासून लांब.
उद्या दशमी.
दहा पाऊण साडेसात.